श्रीवर्धनच्या खाऱ्या वाऱ्यात कलर कोटेड पत्र्याचं छप्पर: पाच पावसाळ्यांनंतरचा रिव्ह्यू

खूप दिवस लिहायचं होतं, राहून जात होतं. दर वर्षी मे महिना लागला की कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, ताई तुमचं छप्पर कुणी केलं, पत्रा किती एमएमचा, गंजला का, वादळात टिकेल का, आणि मी प्रत्येकाला तेच तेच सांगते. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

मी श्रीवर्धन तालुक्यातली. घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर, मध्ये थोडं सुरूचं बन आणि मग आमची नारळ-पोफळीची वाडी. मागच्या अंगाला दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्यात, घरगुती जेवण देतो. मूळ घर आजेसासऱ्यांच्या वेळचं, वर मंगलोरी कौलं. पुढची पडवी आणि मागच्या खोल्या मात्र नंतरच्या, त्यांच्यावर सिमेंटचे पत्रे होते, कारण स्वस्त पडले.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. हवामान खात्याने सांगितलं होतं, गावात दवंडीसारखं गाडीवरून ओरडून गेले होते, होड्या वर ओढलेल्या होत्या, लॉकडाऊनमुळे तशीही सगळी घरातच. पण खरं सांगते, आमच्याकडे वादळ म्हणजे काय ते कुणाला माहीतच नव्हतं. २००९ चं फयान आठवत होतं, पण ते आम्हाला एवढं लागलं नव्हतं. जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर असं चक्रीवादळ १८९१ नंतर पहिल्यांदाच आलं हे मी नंतर पेपरात वाचलं. म्हणजे आमच्या घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या आजोबांच्याही आठवणीतलं नाही. अलिबागच्या दक्षिणेला दुपारी ते जमिनीवर आलं, वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर.

सकाळी अकराच्या सुमारास कौलं खडखडायला लागली, वरून कुणीतरी चालतंय असं वाटावं इतपतच. मग वाऱ्याने दिशा बदलली आणि समुद्राकडून यायला लागला. मागच्या खोलीवरचे सिमेंटचे पत्रे एकेक करून फुटले, आवाज अगदी फटाक्याच्या माळेसारखा. पडवीचं छप्पर मात्र फुटलं नाही, ते अख्खं उचललं गेलं, लोखंडी पाईपांसकट, आणि उलटं होऊन मुख्य घराच्या कौलांवर आदळलं. तिथून भोक पडलं आणि वारा आत शिरला, मग कौलं आतून वर उडायला लागली. सासूबाईंना पलंगाखाली घातलं, आम्ही तिघं माजघराच्या भिंतीला चिकटून बसलो. दीड-दोन तास. उघड्यावरून पाणी नुसतं ओतत होतं, धान्याचे डबे, गाद्या, मुलाची पुस्तकं, सगळं गेलं. बाहेर आलो तर वाडी ओळखू येईना. दोनशेच्या आसपास पोफळी होत्या, तीसेक उभ्या राहिल्या असतील, बाकीच्या कंबरेतून मोडलेल्या. पोफळ लावली की उत्पन्नाला यायला सहा-सात वर्षं जातात, त्यामुळे ते दुःख वेगळंच आहे. सरकारने नंतर फळबागेच्या भरपाईचा दर हेक्टरी १८ हजारांवरून ५० हजार केला, पण आमच्याकडे वाड्या गुंठ्यांत मोजतात हो, हेक्टर कुणाकडे आहे? दहा गुंठ्यांचे हिशोब करून बघा किती येतात ते.

असो, छपरावर येते.

तो पूर्ण पावसाळा आम्ही ताडपत्रीखाली काढला. जूनचा पाऊस लगेच सुरू झाला होता, आणि ताडपत्रीसुद्धा मिळत नव्हती, मिळाली तर दुप्पट भाव. लाईट कित्येक आठवडे नव्हती, त्यामुळे मिस्त्री मिळाला तरी ड्रिल चालणार कशावर. म्हणून पक्कं छप्पर करायला दिवाळी उजाडली. आणि एका अर्थी ते बरंच झालं, कारण ज्यांनी घाईघाईत जून-जुलैमध्ये जो मिळेल तो पत्रा ठोकून घेतला त्यातल्या बऱ्याच जणांना पुढच्याच वर्षी परत खर्च आला.

कौलं परत का घातली नाहीत, हे सगळे विचारतात. मला कौलंच हवी होती. घर थंड राहतं, एखादं कौल फुटलं तर तेवढंच बदलता येतं, आणि वादळातही कौलांच्या फटीतून थोडी हवा निघून जाते त्यामुळे सगळं छप्पर एकदम उचललं जात नाही. पण दर वर्षी पावसाळ्याआधी कौलं चाळायला, म्हणजे काढून साफ करून परत नीट लावायला माणूस लागतो, तो आता गावात राहिलेला नाही, वानरं येऊन नाचतात आणि कौलं फोडतात, आणि जुन्या मापाची कौलं मिळेनात. सिमेंटचा पत्रा तर मला परत डोळ्यांसमोर नको होता. त्याचे तुकडे वाडीत इतक्या लांब जाऊन रुतले होते की पुढचं वर्षभर अनवाणी चालायची भीती वाटायची. त्यात ॲसबेस्टॉस असतं, ते फुटल्यावर झाडून गोळा करणंही धोक्याचं, ओलं करून उचलायचं असतं हे आम्हाला उशिरा कळलं.

तर मग कलर कोटेड, म्हणजे वर रंगाचा थर दिलेला लोखंडी पत्रा. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण माझा अनुभव असा की ब्रँडपेक्षा दुकानदार तुम्हाला काय देतो त्यावर सगळं आहे. पहिल्यांदा एका दुकानातून मागवला, सांगितला पॉइंट पाच एमएम, बिलावर पण तसंच. टेम्पो आला, माल उतरवला. माझा भाचा पुण्याला इंजिनिअर आहे, तो नेमका आलेला, त्याने मायक्रोमीटर लावला तर पॉइंट चार पण भरेना. दुकानदाराला फोन केला तर म्हणे ताई सगळीकडे असंच येतं, वादळानंतर माल शॉर्ट आहे. ज्या लोकांचं डोक्यावरचं छप्पर गेलंय त्यांना पातळ पत्रा जाड म्हणून विकायचा, याचा मला अजूनही राग येतो. माल परत पाठवला, आगाऊ दिलेल्या पैशांपैकी थोडे बुडाले. दुसरीकडून घेतला तेव्हा आधी मोजला मग पैसे दिले. तुम्हीही मायक्रोमीटर घेऊनच जा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, फार महाग नाही. आणि पत्र्याच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं ते वाचा. एझेड १५० असं लिहिलेलं बघून घ्या, म्हणजे जस्त-ॲल्युमिनियमचा थर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १५० ग्रॅम. समुद्राजवळ त्याहून कमी घेऊच नका. रंग वरचा असतो, लोखंडाला खरं वाचवतो तो हा थर.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. पत्रा कितीही भारी घ्या, वादळात पत्रा टिकत नाही, त्याला धरून ठेवणारं जे असतं ते टिकतं. भाच्याने मला हे असं समजावलं की मावशी, हायवेवर टेम्पो जोरात जातो तेव्हा मागची ताडपत्री खाली दबते का? नाही, ती फुगून वर येते. छपराचं तेच होतं. वारा वरून वेगात गेला की छप्पर वर ओढलं जातं, आणि सगळ्यात जास्त ओढ असते वळचणीला, कोपऱ्यांना आणि आढ्याच्या बाजूला. त्यात एखादी खिडकी फुटली किंवा दार उघडलं की आतून पण दाब येतो, वरून ओढ आणि खालून ढकल. आमचं पडवीचं छप्पर बरोबर असंच गेलं होतं. पाईप नुसते विटांच्या खांबावर ठेवून वर सिमेंट थापलेलं होतं, ते वजनाने बसलेलं, धरलेलं कुठेच नव्हतं.

म्हणून या वेळी खालून सुरुवात केली. भिंतीवर चारही बाजूंनी काँक्रीटचा बेल्ट घातला, त्यात ओल्यातच बोल्ट उभे केले, ट्रसच्या, म्हणजे छपराच्या लोखंडी सांगाड्याच्या प्लेटी त्या बोल्टांवर नटाने आवळल्या. ट्रसवर पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यावर बसतो ती आडवी लोखंडी पट्टी, ती नुसती वेल्डिंगच्या टाक्यावर नाही, क्लिपा लावून. पर्लिनमधलं अंतर मध्ये तीन फूट आणि वळचणीच्या बाजूला दोन फूट. फॅब्रिकेटर माणगावचा, चांगला माणूस, पण तो म्हणाला ताई एवढं कुणी करत नाही, चार फुटांवर चालतं. मी म्हटलं दादा, चार फुटांवरचं माझ्या कौलांवर येऊन पडलेलं मी पाहिलंय. मग त्याने काही वाद घातला नाही.

स्क्रूचं पण तसंच. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, डोक्याखाली रबराचा वायसर असतो तो. पत्रा फाटतो तो बहुतेक स्क्रूच्या भोवतीच, वाऱ्याने पत्रा वरखाली वरखाली होऊन भोक मोठं होतं आणि स्क्रू जागेवर राहतो, पत्रा निघून जातो. निसर्गनंतर गावात कितीतरी ठिकाणी हे बघितलं, पर्लिनवर स्क्रूंची रांग तशीच उभी आणि वर आभाळ. त्यावर उपाय म्हणजे मोठा वायसर आणि जास्त स्क्रू. आम्ही वळचणीच्या आणि आढ्याच्या ओळीत प्रत्येक उंचवट्यावर एक स्क्रू मारला, मधल्या ओळींत एक सोडून एक. या जास्तीच्या स्क्रू-वायसरचे मिळून सात-साडेसात हजार वाढले असतील. संपूर्ण छपराच्या खर्चात ते काहीच नाही, पण माझ्या मते या सगळ्या कामात सगळ्यात वसूल झालेले पैसे तेच. रोज हजेरी घेतल्यासारखी मी खाली उभी राहून स्क्रू मोजायचे, पोरं वैतागायची. पण मोजल्याशिवाय होत नाही, दुपारी ऊन वाढलं की स्क्रू कमी व्हायला लागतात.

अजून दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे मागच्या खोल्यांचं छप्पर दुपाखी होतं ते चौपाखी केलं, चारही बाजूंनी उतार असला की वाऱ्याला सरळ भिंत मिळत नाही. दुसरी म्हणजे पडवीचं छप्पर मुख्य घरापासून सुटं ठेवलं, खाली वेगळी पर्लिन, वेगळे खांब. पाऊस आत येऊ नये म्हणून मध्ये पट्टी आहे, पण उद्या पडवी गेलीच तर ती एकटी जाईल, घराला ओढून नेणार नाही. कोकणात पडवी नाही असं घर होणार नाही, झड अडवायला ती लागतेच, त्यामुळे मला वाटतं ही गोष्ट प्रत्येकाने करावी.

डिसेंबर २०२० ला काम संपलं आणि लगेच मे महिन्यात परीक्षा आली. तौक्ते चक्रीवादळ. म्यानमारने दिलेलं नाव, त्यांच्या भाषेत एका पालीचं नाव आहे म्हणे. १६ मेच्या रात्री ते आमच्या किनाऱ्याजवळून वर गुजरातकडे गेलं, जमिनीवर १७ ला रात्री तिकडेच आलं, आमच्याकडे ते समुद्रातच होतं तरी रात्रभर वारा काय होता विचारू नका. सासूबाई संध्याकाळपासून पलंगाखालीच जाऊन बसल्या, कितीही सांगितलं तरी बाहेर येईनात. मी आणि हे टॉर्च घेऊन पर्लिनकडे बघत बसलो होतो. पत्रा गुणगुणतो, कधी कधी धाड करून एक आवाज येतो, पण उचलला गेल्याचा जो आवाज असतो, जो एकदा ऐकला की विसरता येत नाही, तो आला नाही. सकाळी वर चढून बघितलं तर आढ्यावरच्या टोपणाचे दोन तुकडे एका बाजूने ढिले झालेले, बाकी एकही पत्रा हललेला नाही. टोपणाला आम्ही स्क्रू कमी मारले होते, ती आमचीच चूक, ते नंतर वाढवून घेतले. निसर्गचा वारा याच्यापेक्षा जोरात होता, त्यामुळे तसंच वादळ परत आलं तर काय होईल ते मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण त्या रात्रीनंतर मी झोपू शकते.

२०२३ ला बिपरजॉय लांबून कच्छकडे गेलं, तेव्हा नुसत्या लाटा. २०२५ ला मे महिन्यातच पाऊस सुरू झाला, सगळ्यांची धांदल, आणि ऑक्टोबरमध्ये शक्ती वादळाचा इशारा आला, ते समुद्रातच राहिलं. या सगळ्यात छपराने काही त्रास दिला नाही.

आता तक्रारी. त्या पण आहेत आणि दुकानदार त्या सांगत नाहीत.

गंज. येतोच. पण कुठे येतो ते नवल आहे, जिथे पाऊस धुतो तिथे नाही, जिथे पाऊस पोचत नाही तिथे. वळचणीच्या खालच्या बाजूला हात फिरवला की बोटाला खारट पावडर लागते, वाऱ्याबरोबर आलेलं मीठ तिथे बसतं आणि धुतलं जात नाही. तिसऱ्या वर्षी तिथे रंग फुगायला लागला. तेव्हापासून ऑक्टोबर ते मे या काळात दोन-तीनदा विहिरीच्या पाण्याचा पाईप खालून मारतो, साबण वगैरे काही नाही, साधं पाणी. फरक पडला. हे कुणीतरी पहिल्याच वर्षी सांगायला हवं होतं.

दुसरी चूक कामाच्या वेळची. पोरांनी पत्रे ग्राइंडरने कापले. ठिणग्या उडून पत्र्यावर बसल्या आणि ड्रिलचा किस पण तसाच राहिला, पहिल्या पावसानंतर पूर्ण छपरावर गोवर आल्यासारखे लाल ठिपके. शिवाय ग्राइंडरने कडा जळते, तिथला थर जातो आणि गंज कडेने आत सरकतो. पत्रा कात्रीने किंवा निबलरनेच (पत्रा कुरतडत कापणारं यंत्र) कापायला सांगा आणि संध्याकाळी काम थांबलं की मऊ झाडूने किस झाडून घ्या. आमचे नंतरचे चार पत्रे कात्रीने कापलेत, त्यांच्या कडा आजही स्वच्छ आहेत, शेजारचे बघा आणि हे बघा.

स्क्रूची डोकी पश्चिमेच्या बाजूची चौथ्या वर्षीच तांबडी झाली. पत्रा चांगला आणि स्क्रू साधा कोटिंगचा, हे समुद्राजवळ चालत नाही. मी संख्या मोजली पण जात बघितली नाही. जास्त पैसे देऊन चांगल्या कोटिंगचे घ्या, डब्यावर लिहिलेलं असतं.

ऊन. एप्रिल-मेमध्ये नुसत्या पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. पाहुण्यांच्या खोल्यांना आम्ही खाली फोमची शीट आणि सिलिंग केलं, स्वतःच्या स्वयंपाकघराला केलं नाही, आणि भाकऱ्या भाजताना रोज त्याची आठवण येते. पावसाचा आवाज पण फार, जुलैमध्ये फोनवर बोलता येत नाही. ऑनलाइन रिव्ह्यूमध्ये दोन पाहुण्यांनी तसं लिहिलंय, त्यांचं बरोबर आहे. नारळ पडून दोन ठिकाणी खळगे पडलेत, पण भोक नाही. वानरांचं आता काही चालत नाही, घसरतात.

रंग समुद्राच्या बाजूने फिका झालाय. लाल घेतला होता, कौलासारखा दिसावा म्हणून. मला त्याचं काही नाही.

पाचपैकी किती द्यायचे म्हणाल तर पत्र्याला चार, मी घेतलेल्या स्क्रूंना दोन, आणि पर्लिन-बोल्टच्या कामाला पाच. माझ्यासारखं समुद्राजवळ घर असेल आणि पैसे मोजकेच असतील तर पत्रा जाडीला एक पायरी खालचा घ्या एकवेळ, पण बेल्ट, बोल्ट आणि स्क्रूमध्ये कपात करू नका. आणि कौलं असतील आणि ती चाळणारा माणूस गावात असेल तर कौलं काढूच नका, नुसते आढ्याच्या आणि वळचणीच्या ओळीतले नग तारेने रिपेला बांधून घ्या, आमच्या शेजाऱ्यांनी तसं केलंय आणि तौक्तेमध्ये त्यांचं एक कौल हललं नाही.

आता पश्चिमेच्या बाजूचे चौसष्ट स्क्रू बदलायचेत, मोजून ठेवलेत. माणगावच्या दादांनी पुढच्या आठवड्यात येतो म्हटलंय. जुने काढले की आतला भाग किती गंजलाय त्याचे फोटो टाकते.